ओव्हाळ मॅडम आणि विहिरीचं पाणी

सुनंदा ओव्हाळ मॅडम तपासणीला कुठेही गेल्या की आधी पाणी मागायच्या. कारखाना असो, हॉटेल असो, मंगल कार्यालय असो, मालक हात जोडत पुढे आला की खुर्चीत टेकण्याआधी म्हणायच्या, "जरा पाणी द्या प्यायला." मी त्यांच्या हाताखाली नवीन रुजू झालो तेव्हा मला वाटलं, बाईंना मधुमेह असावा. आमच्या घरात तो वडिलोपार्जित असल्यामुळे माझं लक्ष आधी तिकडेच जातं. एकदा मी आपुलकीने चौकशीही केली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "देशपांडे, माझी साखर उत्तम आहे. तुम्ही ते लोक पाणी कुठलं देतात ते बघत जा."

हे कोडं मला भूगावला उलगडलं. एका मोठ्या हॉटेलच्या मागच्या ओढ्याला वास येतो अशी तक्रार होती, आणि सांडपाणी, कचरा यांच्यावर सरकारी नजर ठेवणं हे आमच्या ऑफिसचं काम. मालक अगदी पुढेपुढे करत होता. मॅडमनी पाणी मागितलं, त्याने सीलबंद बाटली मागवली.

"ही नको," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या बोअरचं द्या."

"बोअरचं नको मॅडम. जरा जड आहे."

"जड म्हणजे?"

"म्हणजे... आम्ही कुणी पीत नाही."

"का बरं?"

यानंतर त्या माणसाने आपणहून सगळं सांगून टाकलं. मागचा शोषखड्डा, तो कसा भरला, मग पाइप कुठे काढला, बोअरला केव्हापासून वास येऊ लागला. बोलता बोलता तो स्वतःच तक्रारदार झाला आणि शेवटी आम्हालाच म्हणाला, काहीतरी करा हो याचं. मॅडम बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माणूस आपल्या पाण्याबद्दल खोटं बोलेल, पण ते पिणार नाही. म्हणून मागायचं." त्यांचा हा पाणी मागण्याचा प्रकार हळूहळू सगळ्या मुळशीत माहीत झाला. पुढचा घोटाळा त्यातूनच झाला, पण त्याकडे येतोच.

मॅडम दिसायला ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या. अंगावर सुती साडी आणि खाली गुडघ्यापर्यंत काळे गमबूट. हे बूट जीपमध्ये कायम पडलेले असत आणि कच्चा रस्ता सुरू झाला की मॅडम ते चढवत. एकदा तपासणीहून त्या थेट भाचीच्या साखरपुड्याला गेल्या आणि बूट काढायचं राहून गेलं. "फोटोत मी मागे उभी राहिले," त्या सांगायच्या, "पण व्याह्यांनी वाकून नमस्कार केला नि सगळं दिसलं त्यांना."

मॅडमना दोन मराठी येत. फोनवर वरिष्ठांशी बोलताना 'सदरहू' आणि 'उपरोक्त' असे शब्द त्या पापड मोडावा इतक्या सहज टाकत. तोच फोन ठेवून जीपमधून खाली उतरल्या की, "काय वैनी, भात झोडून झालं का न्हाई?" मूळच्या त्या कोळवणच्या अलीकडच्या एका गावातल्या. वडील गावकीची कामं करणारे, आई दुसऱ्यांच्या खाचरात राबणारी. मॅडम शिकून अधिकारी झाल्या आणि भूगावला फ्लॅटमध्ये राहू लागल्या. यातलं आईवडिलांचं मला पुष्कळ उशिरा कळलं. स्वतःबद्दल बोलायला लागल्या तर त्यांचं बोलणं दोन वाक्यांत संपायचं.

त्यांच्या सोसायटीची एक गोष्ट मात्र त्या रंगवून सांगत. वार्षिक सभेत घंटागाडी उशिरा येते म्हणून मोठा गदारोळ चालला होता. आयटीतली तरुण मंडळी, निवृत्त बँकवाले, सगळे तावातावाने बोलत होते. मॅडमनी विचारलं, "आपला कचरा जातो कुठे?" सेक्रेटरी म्हणाले, "घंटागाडीत." मॅडम म्हणाल्या, "आणि घंटागाडी?" मग एक बाई चाचरत म्हणाल्या, "लांब कुठेतरी नेतात ना?"

ते लांब म्हणजे कोळवण खोऱ्याच्या वरच्या अंगाची एक सोडून दिलेली दगडाची खाण. आसपासच्या गावांचा आणि नव्या सोसायट्यांचा कचरा तिथे टाकण्याचं काम एका ठेकेदाराकडे होतं. त्याला लोक सरळ डेपो म्हणत. खाणीच्या खाली, उतारावर, टेपवाडी. दोन-तीन डझन घरं, भाताची खाचरं आणि सगळ्या वाडीला पाणी देणारी एक विहीर. आमच्या डोंगरात पाऊस कसा पडतो ते सांगायला नको. तो कचऱ्यातून झिरपायचा, काळा व्हायचा आणि खडकाच्या भेगांतून वाट काढत खाली यायचा.

ठेकेदाराचा मॅनेजर त्याला 'पावसाचं पाणी' म्हणायचा. मॅडमना ते दोन शब्द ऐकवत नसत. एरवी शांत असणारी बाई, पण त्या शब्दांवर चिडायची. "पावसाचं होतं," त्या म्हणायच्या, "तुमच्या कचऱ्यात शिरेपर्यंत. बाहेर आल्यावर ते तुमचं." डेपोसाठी त्यांच्या अटी साध्या होत्या. खाणीभोवती चर खणून पावसाला बाहेरच्या बाहेर वाट द्या. तळाला जाड अस्तर घाला. जे काळं पाणी निघेल ते टाकीत गोळा करा, ओढ्यात सोडू नका. यातलं काहीही झालेलं नव्हतं. आणि डेपोची परवानगी संपत आली होती. ती पुढे द्यायची की नाही हे विहिरीच्या नमुन्यावर ठरणार होतं, कारण ठेकेदाराचं म्हणणं होतं की विहीर ठणठणीत आहे आणि गावकरी उगाच ओरडतायत.

तक्रार केली होती हौसाआत्यांनी. टेपवाडीतल्या जुन्या जमीनदार घरातल्या, उंच, सडसडीत, सत्तरीच्या पुढच्या. सगळी वाडी त्यांना आत्याच म्हणायची. पहिल्या भेटीत त्यांनी आम्हाला कळशीतलं पाणी दाखवलं. वर तेलासारखी साय होती. "दोन साल झाली, हे असं येतंय," त्या म्हणाल्या. "भात शिजवलं तर भाताला वास. पोरींनी अंघोळ केली की अंग खाजतंय. ही इहीर माझ्या सासऱ्यानं खणलीया. काय करायचं आमी?"

मॅडम म्हणाल्या, "आत्या, नमुना घेतल्याबिगर मला कायबी करता येत न्हाई. नोटीस काढते, ठेकेदाराचा मानूस बी येईल. सगळ्यांच्या म्होरं पानी घेऊ."

"या की," आत्या म्हणाल्या. "तुमी आपल्या खोऱ्यातल्या."

नोटीस निघाली, तारीख ठरली. दिवाळी होऊन गेली होती, भातकाढणी उरकली होती, हवा छान होती. आम्ही टेपवाडीला पोचलो आणि मी जीपमधून उतरता उतरताच थांबलो. विहिरीच्या कठड्याला पांढरा शुभ्र चुना लावलेला. भोवती सडा, रांगोळी. बाजूला प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीवर नवा टॉवेल. सगळी वाडी ठेवणीतले कपडे घालून उभी. कठड्यावर एक घासूनपुसून लखलखीत केलेला तांब्या. आणि विहिरीतून जंतुनाशक पावडरीचा असा वास येत होता की पोहण्याच्या तलावावर आल्यासारखं वाटावं.

हौसाआत्या पुढे आल्या. चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. "तुमी जाल तितं आधी पानी मागता म्हनं. सगळीकडं बोलत्यात लोकं. म्हटलं, आमच्या दारात येऊन तुमी घान पानी पिनार व्हय? रातभर मोटर लावून इहीर उपसली. मान्सं उतरवून तळ घासला. पावडर टाकली. आन वर सरपंचाच्या भावाचा टँकर रिता केला. प्या आता पोटभर."

ज्या पाण्यासाठी एवढा खटाटोप, ते पाणीच या भल्या माणसांनी पाहुणचारापायी फेकून दिलं होतं. ठेकेदाराचा मॅनेजर एका बाजूला उभा होता. त्याला हसू आवरत नव्हतं.

"मॅडम, घ्या ना सॅम्पल," तो म्हणाला. "नोटीस तुमचीच आहे. आज घ्यायचं लिहिलंय. प्रोसिजर म्हणजे प्रोसिजर."

त्याचं चुकीचं नव्हतं. आज नमुना घेतला तर तो स्वच्छ निघणार आणि डेपोला परवानगी मिळणार. नाही घेतला तर मॅनेजर दुसऱ्या दिवशी लिहून देणार की अधिकारी नमुना घ्यायला घाबरल्या. मी मॅडमच्या कानाशी लागलो, काहीतरी कारण काढून परत जाऊ या म्हणालो. त्यांनी ऐकल्याचं दाखवलंही नाही. त्या खुर्चीवर बसल्या, तांब्या उचलला आणि पाणी प्याल्या. सगळं. मग तोंड पुसून सहज गप्पा माराव्यात तशा म्हणाल्या, "आत्या, लई कष्ट घेतले वो. रातभर उपसलेलं पानी सोडलं कुटं?"

"कुटं म्हंजे? आमच्या खालच्या खाचरात. वाया कशाला घालवायचं?"

"सगळं?"

"सगळं. बांध घातलाय ना. तुंबलंय बघा अजून."

मॅडमनी बूट चढवले. भात कापून रिकामं झालेलं ते खाचर विहिरीच्या खालीच होतं. त्यात घोटाभर पाणी साचलेलं, काळपट, वर इंद्रधनुष्यी तवंग. काठाला विहिरीतून काढलेला गाळ पडला होता, डांबरासारखा काळा. मॅडम चिखलात उतरल्या आणि माझ्याकडे बाटल्या मागितल्या.

मॅनेजर धावत आला. "हे काय? नोटिशीत विहिरीचं पाणी लिहिलंय. हे शेत आहे!"

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "विहिरीचं पाणी लिहिलंय. विहिरीतलं नाही लिहिलेलं. विहिरीत आत्ता टँकरचं पाणी आहे, आणि विहिरीचं पाणी इथे आहे. मी दोन्हींचे नमुने घेणार, गाळाचाही घेणार, आणि कुठून काय घेतलं ते जसंच्या तसं लिहिणार. तुम्हीही तुमची बाटली भरून घ्या."

मग त्यांनी आत्यांचीच जबानी घेतली. रात्री मोटर कुणी लावली, पाणी कुठे सोडलं, टँकर केव्हा आला, सगळं विचारलं. आत्या मोठ्या अभिमानाने एकेक सांगत गेल्या, मॅडम लिहून घेत गेल्या, वाचून दाखवत गेल्या. शेवटी आत्यांनी सही केली. शाळेत शिकलेल्या असल्यामुळे त्या अंगठा देत नसत आणि हे त्यांनी दोनदा सांगितलं. आम्ही निघालो तेव्हा वाडीने नारळ दिला. मॅडमनी नियमाप्रमाणे तो परत केला आणि आम्ही जीपमध्ये बसलो. मी खूश होतो. मी म्हणालो, कमाल केलीत मॅडम. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळलं नाही, देशपांडे. आता ती विहीर मला बंद करावी लागणार."

तसंच झालं. टँकरचं पाणी स्वच्छ निघालं, खाचरातलं आणि गाळातलं जसं निघायचं तसंच निघालं. ठेकेदाराने वकील दिला. वकिलाने खाचर, खत, जनावरं असं सगळं काढून पाहिलं, पण आत्यांच्या जबानीपुढे त्याचं काही चालेना. परवानगी थांबली. नवा कचरा टाकायला बंदी, जुन्यावर मातीचा थर, भोवती चर, टाकी, आणि हे सगळं होईपर्यंत खाणीला कुलूप. भूगावात सोसायट्यांच्या दारात पिशव्यांचे ढीग साचले. मॅडमच्या सोसायटीचे सेक्रेटरी वैतागून त्यांच्या दारी आले. मॅडमनी त्यांना ओल्या कचऱ्याचं खत कसं करायचं ते शिकवायला घेतलं. सेक्रेटरी पुन्हा आले नाहीत, पण पुढे त्यांनी खत मात्र सुरू केलं.

टेपवाडीत मात्र आम्ही पेंटर घेऊन गेलो. विहिरीवर पाटी लागली. पाणी पिण्यास अयोग्य. लाल अक्षरं, त्याच पांढऱ्या शुभ्र कठड्याच्या वर. वाडीला टँकर सुरू झाला. हौसाआत्या पेंटरचा ब्रश चालू होता तोवर हाताची घडी घालून उभ्या होत्या. मग मॅडमना म्हणाल्या, "माझ्याच तोंडून वदवून घेतलंत. आमी तुमचा मान केला आन तुमी आमच्या इहिरीला बट्टा लावला. पोरींची सोयरीक बोलायला मान्सं येत्यात, पैलं हे वाचत्यात."

"आत्या, पानी वाईट हाय," मॅडम म्हणाल्या. "पाटी न्हाई लावली तर लेकरं पितील."

"पानी चांगलं हाय असं म्या म्हनलं का?" आत्या म्हणाल्या आणि घरात निघून गेल्या.

मॅडम पाटीकडे एकदा बघून जीपकडे वळल्या.

यानंतर मॅडम टेपवाडीला जातच राहिल्या. विहिरीत मोटर लावून पाणी उपसत राहायचं, पुन्हा भरू द्यायचं, पुन्हा तपासायचं. खडकातलं पाणी बिघडायला वेळ लागत नाही, सुधारायला मात्र वर्षं जातात. हे त्यांनी वाडीला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. दर खेपेला नमुना घेऊन झाला की मॅडम आत्यांच्या ओट्यावर जाऊन बसत आणि आधीचा आकडा सांगत. आत्या सुपात तांदूळ निवडत असत. मान वर करत नसत. मॅडम सांगून झालं की उठत. पावसाळा आला, गेला. खाणीभोवतीचा चर भरून वाहिला, पण त्यातलं पाणी स्वच्छ होतं. आकडे हळूहळू खाली येऊ लागले. मी मॅडमना विचारलं, जाता कशाला ओट्यावर, ती बाई बोलत नाही. त्या म्हणाल्या, "मी पाटी लावून आले आहे. सांगायला जायला नको?"

मग त्यांची निवृत्ती आली. निरोप समारंभ दुपारनंतर होता, आणि सकाळी मॅडमनी जीप काढायला लावली. माझ्या कपाळाला आठ्या, कारण हार आणि ढोकळ्याचं बघायचं काम माझ्याकडे होतं. आम्ही टेपवाडीला गेलो. शेवटचा नमुना घेतला. त्याआधीचा अहवाल मॅडमच्या हातात होता. पाणी पुष्कळ सुधारलं होतं, पण पिण्याजोगं झालं नव्हतं.

मॅडम ओट्यावर बसल्या. आत्या नेहमीसारख्या तांदूळ निवडत होत्या.

"आत्या, अजून न्हाई," मॅडम म्हणाल्या. "जवळ आलंय, पर अजून न्हाई. मी आजपासनं रिटायर. ह्ये देशपांडे येतील हितून पुढं."

आत्यांचे हात थांबले. सुपाकडे बघतच त्या म्हणाल्या, "तुमची आई आमच्या खाचरात लावनीला यायची."

मला हे माहीत नव्हतं. मॅडमनी मान हलवली.

"मला आधीपासनंच म्हाईत हाय. तुमचं तोंड तिच्यावानी हाय." आत्यांनी डोळे वर केले. "तवा आमी तिला या इहिरीला हात लावू दिला न्हाई. खाली उभी ऱ्हायची, वरनं वतायचो आमी. म्या बी वतलंय. आन आता तुमी आमाला न्हाई म्हनता."

मी चुळबुळत उभा होतो. मला वाटलं मॅडम रागावतील, निदान उठून जातील. त्या तशाच बसून राहिल्या. आवाजसुद्धा बदलला नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पर आत्या, मी इहीर बंद केलीया ती पानी सुधारलं की उघडायसाठी."

आत्यांनी सूप बाजूला ठेवलं. मॅडम उठल्या, पदर सारखा केला आणि उतार उतरून जीपपाशी आल्या. दार उघडून आत बसल्या. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, तेवढ्यात आत्या मागून येताना दिसल्या, अनवाणी, भराभर, एक हात वर करून.

"थांबा वो! ओव्हाळबाई!"

गाडी थांबली. आत्या खिडकीशी आल्या. धाप लागली होती.

"तुमच्या आईचं नाव काय व्हतं?" त्या म्हणाल्या. "इतकी सालं आली कामाला. आमी आपलं ए म्हनायचो, न्हाईतर ओव्हाळीन. नाव कुनी इचारलंच न्हाई."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हाच पाहिलं, एकदाच.

"सोनाबाई," त्या म्हणाल्या.

"सोनाबाई," आत्या म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या, ते नाव तोंडात बसवून बघितल्यासारख्या. मॅडम जीपचं दार उघडून खाली उतरल्या. गमबूट काढायचं त्या दिवशीही राहून गेलं होतं. दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून काहीतरी बोलत होत्या. आत्यांनी मॅडमचा हात धरला होता, आणि मॅडम सोनाबाईंबद्दल सांगत असाव्यात, कारण मध्येच त्यांनी लावणी करताना वाकतात तसं वाकून दाखवलं आणि दोघी हसल्या. ड्रायव्हरने मला विचारलं, हॉर्न देऊ का, तिकडे समारंभाला उशीर होतोय. मी म्हणालो, नको, इंजिन बंद कर.